प्रिंटर हळू का चालत होता

प्रिंटर बंद पडला असता तर चारुशीला भणगेला इतका राग आला नसता. बंद पडलेली वस्तू दुरुस्तीला देता येते, नाहीतर भंगारात घालता येते. हा बंद पडत नव्हता. पानाच्या दोन ओळी बाहेर काढायचा आणि वाट चुकलेल्या माणसासारखा थांबायचा. मग पुन्हा दोन ओळी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'छपाई चालू आहे' असं लिहून यायचं, आणि एक पान पुरं होईपर्यंत गॅसवरची डाळ शिजायची.

तिचं काम छपाईवर अवलंबून होतं. सांगलीत, विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून ती 'ठळक' नावाचं मासिक काढायची. दृष्टी अधू झालेल्या लोकांसाठी, बोराएवढ्या मोठ्या अक्षरांत. नवऱ्याची नजर गेली तेव्हा त्याच्यासाठी ती वर्तमानपत्रातले लेख असे मोठे करून छापायची. तो गेल्यावरही सवय सुटली नाही. आता सांगली, मिरज, जयसिंगपूरकडचे बरेच म्हातारेकोतारे तिच्या अंकाची वाट बघत असत. बोलणारी यंत्रं आता सगळ्यांच्या घरी होती, सांगाल तो लेख मोठ्यानं वाचून दाखवत होती. पण आयुष्यभर डोळ्यांनी वाचलेल्या माणसाला कानानं वाचणं म्हणजे दुसऱ्यानं भरवल्यासारखं वाटतं. एवढ्या थोड्या प्रती कुठला छापखाना काढून देणार? म्हणून सगळं घरच्या घरी.

मुद्रितं तपासायला शिरीष हळबे यायचे. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मुळात ते 'ठळक'चे वर्गणीदार. एका अंकातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून त्यांनी तो अंक साभार परत पाठवला होता. चारुशीलेनं फोन करून विचारलं, "एवढं दिसतं तर मोठी अक्षरं कशाला लागतात तुम्हाला?" ते म्हणाले, "चुकासुद्धा मोठ्या दिसतात ना, म्हणून." तेव्हापासून ते रोज दुपारी येऊ लागले. ती त्यांना सर म्हणायची, ते तिला बाई म्हणायचे. दोघांनाही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. त्यांची बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगी विदुला नागपूरला. चारुशीलेचा मुलगा ओजस बंगळुरूला. दुपारी चारचा चहा दोन कपांचा झाला होता, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी कधी काही बोललं नव्हतं.

"बाई, आपण शास्त्रीय पद्धतीनं जाऊ," सर म्हणाले. फोनवर प्रिंटर कंपनीच्या सूचना उघडून ते एकेक वाचू लागले आणि ती करू लागली. प्रिंटर बंद करून चालू केला. नेटचा डबा बंद करून चालू केला. अडकलेली कामं पुसून टाकली. कॉम्प्युटरमधला प्रिंटरचा प्रोग्रॅम काढून नवा घातला. प्रिंटर कपाटावरून उचलून डब्याशेजारच्या स्टुलावर आणला. फरक शून्य.

"सरळ वायर लावू," ती म्हणाली.

सरांनी प्रिंटर उलटापालटा करून पाहिला. "वायर लावायला जागाच ठेवलेली नाही. सगळं हवेतून. सुधारणा झाली की पहिल्यांदा मागचं दार बुजवतात."

मग एक चमत्कारिक गोष्ट तिच्या लक्षात आली. सकाळी प्रिंटर झकास चालायचा. दुपारीच रखडायचा. दुपारी सगळी बिल्डिंग सिनेमे बघत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण सर पेन्शनच्या कामासाठी मिरजेला गेले, त्या दिवशी दुपारीही पानं भराभर आली. दुसऱ्या दिवशी ते येऊन खुर्चीत टेकले आणि प्रिंटर पुन्हा विचारात पडला.

"तुमच्यावर डूख धरलाय त्यानं," ती म्हणाली.

"प्रयोग करून बघू या. मी खाली जातो. तुम्ही छापत राहा."

ते जिना उतरून गेले आणि प्रिंटर धावू लागला. ते वर आले आणि अर्ध्या पानावर थांबला. चारुशीला हसून लोटपोट झाली. सरांना चैन पडेना. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढायचा नसतो म्हणत ते पुन्हा उतरले, पुन्हा चढून आले. या खेपेला दारात आल्यावर त्यांना बोलता येईना. भिंतीला हात टेकून उभे राहिले. ओठ जरा काळपट दिसत होते.

"वय झालं," धाप ओसरल्यावर ते म्हणाले. "पण निष्कर्ष पक्का. त्याला मीच नको आहे."

चारुशीलेनं त्यांना लिंबूपाणी दिलं. दोघंही त्यावर पुढे कितीतरी दिवस हसत होते.

नंतरच्या आठवड्यांत प्रिंटर आणखीच मंदावला. पान येईपर्यंत सर खुर्चीत पेंगायचे. ती समोर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. त्यांचा श्वास वाढत वाढत मोठा व्हायचा, मग लहान लहान होत जायचा, मग काही क्षण अगदी थांबल्यासारखा वाटायचा, आणि मग एकदम सुरू व्हायचा. दमलेत, असं म्हणून ती पंखा हळू करायची. एकदा तिनं म्हटलंही, "डॉक्टरला दाखवा हो एकदा." ते म्हणाले, "दुपारी झोप येते एवढ्यासाठी?" तिनं विषय सोडून दिला.

त्या महिन्याचा अंक उशिरा निघणार हे नक्की झालं होतं. ती चहाचं आधण ठेवून सरांची वाट बघत होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंची हाक आली. सर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसल्यासारखे कलंडले होते. बगलेत मुद्रितांची पिशवी तशीच. रुग्णवाहिका आली, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी विदुलाचं विमान कोल्हापुरात उतरण्याआधीच सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच महिने थकत आलं होतं.

दिवसकार्य आटोपून विदुला नागपूरला परतली. चारुशीलेनं सरांवर एक पान लिहिलं. मुद्रितं तपासायला आता कुणी नव्हतं, तेव्हा दोनदा स्वतःच वाचून तिनं भर दुपारी छपाईचं बटण दाबलं. प्रिंटरनं पान घेतलं आणि एका दमात बाहेर टाकलं. दुसरं. तिसरं. सगळ्या प्रती चहा उकळायच्या आत ट्रेमध्ये येऊन पडल्या. ती त्या ढिगाकडे बघत राहिली आणि तिच्या अंगावर काटा आला.

चमत्कारावर तिचा विश्वास नव्हता. सरांचा तर त्याहून नव्हता. तिनं नेटच्या कंपनीला फोन करून माणूस पाठवायला सांगितलं.

रुबिना तांबोळी नावाची तरुण इंजिनीअर आली. खांद्याला यंत्रांची पिशवी, बोलणं चटपटीत. तिनं चार पानं छापून पाहिली. "काकू, प्रिंटर तर मस्त चालतोय."

"म्हणूनच बोलावलं. आधी का चालत नव्हता ते मला हवंय."

चारुशीलेनं सगळं सांगितलं. प्रयोगसुद्धा सांगितला. ऐकता ऐकता रुबिनाच्या तोंडावरचं हसू कमी होत गेलं. तिनं कोपऱ्यातल्या नेटच्या डब्याकडे पाहिलं. "हा 'सोबती' वाला डबा आहे. कुणी बसवला?"

"माझ्या मुलानं. मी बाथरूममध्ये घसरले होते, त्यानंतर. पडले तर त्याला कळावं म्हणून. कॅमेरा नको म्हटलं होतं मी. हे बिनकॅमेऱ्याचं आहे म्हणाला."

"बिनकॅमेऱ्याचं आहे, ते खरंच आहे," रुबिना म्हणाली, आणि तिनं जे समजावलं ते असं.

डब्यातून सतत लहरी निघतात. त्या भिंतीतून आरपार जातात, पण माणसाच्या अंगात पाणी फार, त्यामुळे त्यावर आपटून त्यांतल्या काही परत फिरतात. पूर्वी हे परतणारे तुकडे म्हणजे निव्वळ कचरा धरायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माणूस हलला की त्या परतीच्या लहरीही बदलतात. माणूस पडला तर एका तऱ्हेनं, चालला तर दुसऱ्या. नुसता बसलेला असला तरी श्वासागणिक छाती जेमतेम अर्धा सेंटिमीटर पुढंमागं होते, आणि तेवढासुद्धा बदल डब्याला पकडता येतो. वटवाघळानं अंधारात हाका मारून भिंत ओळखावी, तसं. त्यासाठी डबा छोट्या छोट्या हाका मारत राहतो. जितकं बारीक बघायचं, तितक्या हाका जास्त.

"आणि हवा एकच असते, काकू. एकपदरी रस्त्यासारखी. डबा हाक मारत असला की बाकीच्यांनी थांबायचं. तुमचा फोन दुसऱ्या रस्त्यानं जातो, त्याला काही जाणवत नाही. पण हा प्रिंटर स्वस्तातला, त्याला हा एकच जुना रस्ता येतो. त्यात तुमचं पान म्हणजे मोठ्ठं चित्र. ते तुकड्या-तुकड्यानं जाणार आणि प्रत्येक तुकडा खोळंबणार."

"पण सर असतानाच का?"

"तुमच्या एकटीसाठी हाका कमीच असतात. घरात अनोळखी माणूस आला की त्याच्यावर बारीक लक्ष ठेवायचं, अशी एक सोय आहे. ती आपोआप नसते चालू होत. कुणीतरी चालू करावी लागते."

"आणि दिवसेंदिवस वाढत का गेलं?"

"ते..." रुबिनानं पिशवीची चेन उगाच ओढली. "श्वास नेहमीसारखा नसला, दुखण्यातल्या एखाद्या नमुन्याशी जुळला, तर डबा खात्री करायला आणखी जास्त हाका मारतो."

चारुशीला खाली बसली. "म्हणजे सरांचा श्वास बिघडत होता, तसा हा जास्त बारकाईनं बघत होता. आणि तसा माझा प्रिंटर हळू होत होता."

"असं झालं असू शकतं."

"मग त्यानं ते कुणाला सांगितलं असेल ना? सांगण्यासाठीच बसवलाय त्याला."

"सूचना कुणाच्या फोनवर जातात ते आम्ही सांगत नाही, काकू. नियम आहे तसा." रुबिना उठली. दारात चप्पल घालताना मागं न बघता म्हणाली, "खातं कुणाच्या नावावर आहे ते तुम्हाला माहीतच असेल."

चारुशीला लगेच मुलाला फोन करू शकली असती. केला नाही. आधी ती आपल्या डॉक्टरांकडे गेली आणि स्वतःचं दुखणं विचारावं तसं विचारलं, असा श्वास वेळेवर कुणाच्या लक्षात आला असता तर? डॉक्टर म्हणाले, "औषधं चांगली आली आहेत हल्ली. माणूस अगदी ठणठणीत होत नाही, पण काही वर्षं मिळतात. पुष्कळदा चांगली वर्षं." घरी येऊन तिनं ओजसला फोनवर एवढंच म्हटलं, "या शनिवारी ये." त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. त्यावरूनच तिला कळायचं ते कळलं.

तो आला, जेवला. ताट उचलून झाल्यावर ती म्हणाली, "प्रिंटर आता चांगला चालतो."

त्यानं पाण्याचा पेला पुढं ओढला.

"कधी चालू केलंस ते?"

"आई, कशाबद्दल..."

"ओजस."

त्यानं मान खाली घातली. सहावीत वर्गातल्या मुलाचं पेन चोरून आणलं होतं, तेव्हा असाच बसला होता. "दिवाळीला आलो तेव्हा. फ्रीजवर त्या सरांच्या चष्म्याचं घर होतं. बाबांना जाऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं, आई. तू काही बोलली नाहीस मला."

"तू विचारलं नाहीस."

"कसं विचारू? कोणत्या शब्दांत विचारू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "सुरुवातीला फक्त ते किती वेळ बसतात तेवढं बघायचो. रोज बघायचो. मीटिंगमध्ये असलो तरी बघायचो. नंतर ते दुसरं यायला लागलं. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा श्वास अनियमित आहे, डॉक्टरांना दाखवावं."

"एकदा?"

"नाही. येत राहिलं."

"आणि तू?"

"पुसून टाकायचो." तो टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत होता. "तुला सांगितलं असतं, तर तुला कसं कळलं म्हणून तू विचारलं असतंस. मग सगळंच बाहेर आलं असतं."

"म्हणजे तुझी लाज झाकायची म्हणून."

"हो."

"एवढंच?"

खाली रस्त्यावर भाजीच्या गाडीचा भोंगा वाजत वाजत लांब गेला. चारुशीलेला वाटलं, आता यानं काही बोलू नये. इथंच थांबावं. पण लहानपणापासून त्याची खोड होती, एकदा कबूल करायला लागला की तळ गाठल्याशिवाय थांबायचा नाही.

"मला वाटलं, तब्येत बिघडली की त्यांचं येणं बंद होईल," ओजस म्हणाला. "जिना चढवणार नाही. आपोआपच बंद होईल. मरतील असं नव्हतं वाटलं मला. तुझी शपथ, आई."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलत असता तर तिला ओरडता आलं असतं, हात उगारता आला असता. त्यानं माणूस मारला नव्हता. माणूस खंगतोय हे त्याला रोज कळवलं जात होतं, आणि जिना तीन मजल्यांचा आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच. तेवढ्याला काय म्हणायचं, तिला शब्द सापडेना. ती उठली आणि आतल्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं. आई म्हणून हात चालत होते. बाकीचं शरीर कुठंतरी बाजूला उभं राहून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात विदुला उभी होती. सरांचं भाड्याचं घर रिकामं करायला ती परत आली होती. हातात एक कापडी पिशवी होती. "बाबांचे दगड," ती म्हणाली. "कॉलेजला देणार आहे सगळे. तुम्हाला एक हवा असेल तर घ्या, काकू."

चारुशीलेनं तिला बसवलं. ती नेमकी त्याच खुर्चीत बसली. ओजस आतून पाणी घेऊन आला आणि तांब्या-भांडं हातात धरून तसाच उभा राहिला.

"हा माझा मुलगा."

"माहीत आहे. बाबा सांगायचे, आईची काळजी घेणारा मुलगा आहे म्हणून." विदुलानं पाणी घेतलं, थोडं प्यायली. "काकू, एक विचारू? खरं सांगा हं. मी मुलगी असून लांब होते. तुम्ही रोज बघत होतात त्यांना. त्यांना काही त्रास होत होता का? कुणाला काही कळलं होतं का आधी? दवाखान्यात म्हणाले, बरेच महिने चाललं असणार. मला झोप लागत नाही. वाटतं, फोनवर त्यांच्या आवाजावरून मलाच कळायला हवं होतं. मीच बहिरी."

तिचे डोळे सरांसारखेच, जरा खोल आणि थेट. त्यांत आरोप नव्हता. ती स्वतःलाच उभं करून विचारत होती.

चारुशीलेच्या जिभेवर सगळं होतं. बाळ, तुझी काही चूक नाही, असं म्हणून पुढचं एक वाक्य बोललं की या मुलीच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. तो उतरून कुणाच्या छातीवर बसला असता, तेही दिसत होतं. तो समोरच उभा होता, तांब्या छातीशी धरून. क्षणभर तिला मनापासून वाटलं की बोलावं. तिनं ओजसकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"नाही गं," चारुशीला म्हणाली. "कुणालाच काही कळलं नाही."

विदुलानं मान हलवली. मग खुर्चीतून पुढं झुकून तिनं चारुशीलेचे दोन्ही हात धरले आणि कपाळ त्यांवर टेकवून रडली. चारुशीला तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

ती गेल्यावर ओजस म्हणाला, "थँक यू, आई."

"तुझी गाडी किती वाजता आहे?"

त्यानं जाताना डबा काढून नेला. आता साधा आणून बसवला आहे, जो फक्त नेट देतो. पडले तर पडले, असं चारुशीलेनं ठरवलं. 'ठळक' वेळेवर निघतं. चुका राहतात, एका वर्गणीदारानं तशी तक्रारही केली. ओजस सणावाराला निरोप पाठवतो, ती अंगठ्याचं चित्र पाठवते. त्याच्या घरी ती गेली नाही, आणि त्यानंही ये म्हटलेलं नाही.

विदुला मात्र दर रविवारी फोन करते. आधी सरांविषयी बोलायची, हळूहळू स्वतःविषयी बोलू लागली. नोकरीतल्या कटकटी, मुलीचं दुखणंखुपणं, काय भाजी केली. "काकू, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत एक तरी माणूस जवळ होतं, जे त्यांच्याकडे नीट बघत होतं." चारुशीला हो म्हणते. बोलणं मग आई-मुलीच्या वळणावर जातं, आणि एखाद्या रविवारी ती त्यात इतकी रमते की तिला स्वतःचीच किळस येते.

एकदोनदा तिनं ठरवलं, आज फोन वाजू द्यायचा. उचलायचा नाही. असं दोन-चारदा झालं की पोरगी आपली आपण गप्प बसेल. पण विदुला गप्प बसणारी नाही. काय झालं, बरं नाही का, रागावलात का, म्हणून विचारत राहील. तिला काहीतरी कारण सांगावं लागेल, आणि खरं सोडून चारुशीलेकडे दुसरं कुठलंच कारण नाही.

ती फोन उचलते.